एकदा म्हणजे कधी?

"या जेवायला," असं मी म्हणालो आणि फसलो.

आता यात माझं काय चुकलं, सांगा. आपण जेवत असताना दारावरून कुणी गेलं, तर हातातला घास हातात ठेवून आपण "या जेवायला" म्हणतो. समोरचा "बसा, बसा, होऊ द्या" म्हणतो आणि आपल्या वाटेनं जातो. दोघांचंही कर्तव्य झालेलं असतं. गंगापूर रोडला मी तीस वर्षं राहतोय, आणि या तीस वर्षांत माझ्या त्या आमंत्रणावरून एकही माणूस ताटावर येऊन बसलेला नव्हता. त्या संध्याकाळी आमच्या वरच्या मजल्यावर नवे भाडेकरू सामान लावत होते. परदेशी जोडपं. साहेब सातपूरच्या एका कारखान्यात तीन वर्षांसाठी आलेले, बाई त्यांच्यासोबत. दोघं जिना उतरून खाली आली, आमचं दार उघडं होतं, मी सवयीनं तोंड उघडलं.

बाई थांबल्या. नवऱ्याशी त्यांच्या भाषेत दोन शब्द बोलल्या. मग दोघांनी बूट काढले, मोरीत जाऊन हात धुतले आणि खुर्च्या ओढून बसली.

भाकऱ्या चार होत्या आणि पिठलं दोघांपुरतं. बायकोनं माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि पुन्हा परात खाली काढली. साहेब सव्वासहा फूट उंच, त्यांनी एकट्यानं पाच भाकऱ्या खाल्ल्या. निघताना बाईंनी पाठीवरच्या पिशवीतून एक जाड निळी वही काढली, माझ्यापुढे धरली आणि स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "काका, इथे सही." मला वाटलं, भाडेकराराचं काहीतरी राहिलं असेल. मी न वाचता सही केली.

ती वही काय होती, ते पुढे कळलं. बाई स्लोव्हेनियाच्या. देश आपल्या नाशिक जिल्ह्याहून थोडासाच मोठा, पण सगळा डोंगरांचा. तिथे म्हणे प्रत्येक डोंगराच्या माथ्यावर पत्र्याची डबी असते आणि डबीत एक शिक्का. वर पोचलं की आपल्या वहीत आपल्या हातानं शिक्का मारायचा. आमच्याकडच्या डोंगरांवर देव असतात, शेंदूर असतो, शिक्के कुठून असणार? तेव्हा बाईंनी स्वतःचा नियम केला. डोंगराऐवजी माणसं. जो कुणी "या" म्हणेल त्याचं आमंत्रण पानाच्या वरच्या ओळीत लिहायचं, त्याच्याकडे जायचं, आणि खाली त्याची खूण घ्यायची. वहीचं पहिलं पान माझं होतं. वर बाळबोध अक्षरात लिहिलं होतं, "या जेवायला", आणि खाली माझी लफ्फेदार सही.

इथे येण्याआधी सहा महिने बाई कॉम्प्युटरवरून एका मास्तरीणबाईंकडे मराठी शिकल्या होत्या. व्याकरण पक्कं होतं. पण आपण बोलतो त्यातलं निम्मं बोलण्यापुरतंच असतं, हा धडा त्या मास्तरीणबाईंनी घेतलेला नसावा. साहेबांना मराठीतला एकच शब्द येत होता, "चालेल." तेवढ्यावर त्यांनी तीन वर्षं काढली. ऊन आहे, चालेल. बस उभ्यानं आहे, चालेल. ठेचा तिखट आहे, डोळ्यांतून पाणी गळतंय, चालेल.

दर शनिवारी पहाटे वरच्या जिन्यावर बुटांचा आवाज व्हायचा. मी पांघरुणातून म्हणायचो, "निघाली वरात." रविवारी संध्याकाळी दोघं गुडघ्यापर्यंत लाल धुळीनं माखून परत यायची. कंपनीनं दिलेली मोटार आमच्या आवारात धूळ खात पडली. यांना एसटी हवी, कारण एसटीत लोक "या" म्हणतात. एकदा कळवणच्या गाडीत कंडक्टर तिकीट देता देता बोलून गेला, "या कधी आमच्या मळ्यावर." बाईंनी वही काढली. "कधी?" कंडक्टर म्हणाला, "कधीबी या." "रविवारी सकाळी नऊ?" त्याला पुढचं तिकीट फाडायचं होतं, तो म्हणाला, "या की."

रविवारी सकाळी नऊला कंडक्टर लुंगीवर म्हैस धूत होता आणि बांधावरून हे दोघं पेढ्याचा पुडा घेऊन येत होते. "तुमी खरंच आलात व्हय!" एवढंच तो म्हणाला म्हणे. मग त्याच्या आईनं दोघांना उसाचा रस पाजला, मागची टेकडी दाखवायला स्वतः चढली, आणि वहीच्या पानावर तळहात दाबला. हाताला शेण लागलेलं होतं, ते तसंच उमटलं. ते पान बाई सगळ्यांना दाखवायच्या.

जुन्या नाशकातला बॅगा शिवणारा एक चाचा होता. बाईंच्या पाठपिशवीचा पट्टा शिवताना तो म्हणाला, "ताई, कधी मालेगावला आमच्या भावाकडं या. लूम दाखवतो. घर अपनाच समझो." दोघं सायकलवरून मालेगावला गेली. दोन दिवस पॅडल मारत. चाचाच्या भावानं मागावरचे रंगीत धागे घेऊन पानाच्या कडेला टाके घातले, ती त्याची सही. घरातल्या बायका बाईंना परत जाऊच देईनात, म्हणून सोमवारी साहेबांनी कारखान्यात फोन करून रजा घेतली.

माझा स्वभाव टिंगलीचा. कट्ट्यावर मी त्यांची नक्कल करायचो, लोक हसायचे. कॉलनीतले एक गृहस्थ ऊठसूट सगळ्यांना "या एकदा आमच्या फार्महाऊसवर, गिरणाऱ्याला" म्हणायचे. बाईंनाही म्हणाले. बाईंनी विचारलं, "एकदा म्हणजे कधी?" ते हसले. दुसऱ्या दिवशी भाजीवाल्यापाशी, तिसऱ्या दिवशी दूधकेंद्रावर, तोच प्रश्न. "एकदा म्हणजे कधी?" शेवटी ते मागच्या गल्लीतून ये-जा करायला लागले. बाई तिथेही उभ्या, तेव्हा त्यांना न्यावंच लागलं. मग कळलं, फार्महाऊस म्हणजे एक पत्र्याची शेड आणि आंब्याची वाळत चाललेली बारा रोपं. बाईंनी ती शेड झाडली, साहेबांनी रोपांना आळी केली, गृहस्थांनी खजील होऊन पाणी घातलं. आता ते दर रविवारी तिथेच असतात आणि आंब्याशिवाय दुसरं काही बोलत नाहीत.

मी बाईंना समजवायला गेलो. म्हटलं, "बाई, 'एकदा' हा शब्द आम्ही टाळायला वापरतो." बाई विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "काका, एकदा म्हणजे एक वेळ. दोन वेळ नको, पण एक वेळ पाहिजे. नाहीतर 'कधीच नाही' हा शब्द आहे ना?" मी चहा मागवला.

एकदा त्यांच्या भाषेचा विषय निघाला. त्यांच्यात एकासाठी एक रूप, अनेकांसाठी दुसरं, आणि फक्त दोघांसाठी तिसरंच. दोघांनी मिळून जायचं असेल तर क्रियापदसुद्धा वेगळं. बाईंनी आम्हा दोघांकडे बोट दाखवलं आणि प्रेमानं म्हणाल्या, "तुम्ही दोघं. विद्वा."

बायको ताडकन उठली. "अगं, काय बोलतेस! हे बसलेत ना समोर धडधाकट!"

घोटाळा कळल्यावर ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. पण संध्याकाळी भाजी निवडताना स्वतःशीच म्हणाली, "दोघांसाठी वेगळं क्रियापद. आपल्याकडे असतं तर पडूनच राहिलं असतं."

हे मला लागलं. का लागलं, ते सांगतो.

हरसूलच्या अलीकडे आत एक वस्ती आहे, ते हिचं आजोळ. वस्तीच्या मागे काळा डोंगर, माथ्यावर देवीचा शेंदूर लावलेला तांदळा आणि कातळात खोदलेलं एक टाकं. त्याचं पाणी उन्हाळ्यातही आटत नाही. लहानपणी सुट्टीत मामेभाऊ वर जायचे आणि काचेच्या बाटलीत पाणी भरून आणायचे. ही खाली पडवीत बसून ते प्यायची. मला न्या म्हणाली की उत्तर ठरलेलं, "पोरींना काय करायचंय वर जाऊन? नेऊ एकदा." मग लग्न झालं. मी भूमापन खात्यात नकाशे काढायला. त्या डोंगराची उंची मला तोंडपाठ, त्याच्या रेषा मी स्वतः शाईनं काढलेल्या. नव्या नवरीला वाटलं, आता कोण अडवणार? आणि मी म्हणालो, "जाऊ एकदा."

अडतीस वर्षं म्हणत राहिलो. मधल्या काळात मामा गेले, वस्तीवर वीज आली, हिचे गुडघे झिजले. डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही बदलावे लागतील, फार तर वर्षभर ढकलता येईल, पण मोठे चढ आता विसरा. हिनं ते ऐकून घेतलं आणि दवाखान्याच्या पायऱ्या कठडा धरून एकेक करत उतरली.

हे बाईंना कुणी सांगितलं कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी वही माझ्यापुढे आली. पानावर लिहिलेलं: "काकू. टाकं. जाऊ एकदा." खाली कोरी जागा.

"काका, एकदा म्हणजे कधी?"

मी म्हणालो, गुडघे. बाई डॉक्टरांना भेटून आल्या. डॉक्टर म्हणाले होते, काठ्या घेऊन, हळू, एकदाच, आणि दुखलं तर जिथे असाल तिथून परत. मी म्हणालो, ऊन. बाई म्हणाल्या, माघ महिना आहे. मी म्हणालो, माझी तब्येत. बायको म्हणाली, "तुमच्या तब्येतीला काय झालंय? तुम्हाला यायचंच नाहीये, हे सरळ सांगा की." असं म्हणून ती आत गेली आणि दोन दिवस कामापुरतं बोलली.

तिसऱ्या दिवशी मी वहीत तारीख घातली. मग सुरू झाली तालीम. आधी कॉलनीला फेऱ्या, मग धरणाचा रस्ता, मग तीन रविवार पांडवलेणीच्या पायऱ्या. चाचानं उरलेल्या ताडपत्रीतून हिला एक छोटी पाठपिशवी शिवून दिली आणि शिलाई घेतली नाही. ही त्रेसष्ट वर्षांची बाई आरशासमोर पिशवी अडकवून उभी राहायची. साहेबांनी तिच्या काठ्यांची उंची पट्टीनं मोजून ठरवली, तिचं चालणं नीट पाहिलं, आणि म्हणाले, "चालेल." त्या शब्दाचे दोन्ही अर्थ मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आले.

आम्ही एसटीनंच गेलो. वस्तीवर हिचा मामेभाऊ काठी टेकत सामोरा आला. सत्तरीचा म्हातारा, एके काळचा बाटली भरून आणणारा. हिच्याहून मोठा, तरी हिला आक्काच म्हणायचा.

"आक्का, कशाला हा खटाटोप? लय चढ हाय. गुडघं दुखत्यात ना तुझं? बस पडवीत. पोरं धाडून पानी आणतो, पहिल्यासारखं."

"नको," ही म्हणाली. "बाटली तेवढी दे."

पहिला दीड तास रान होतं. बाई पुढे, मग ही, मग मी, मागे साहेब. दहा पावलं चालायचं, थांबायचं. बाई घड्याळाकडे एकदाही बघत नव्हत्या. हिच्या कपाळावर घाम होता आणि चेहरा असा, जसा मी मुलीच्या बारशातसुद्धा पाहिला नव्हता. शेवटी माथ्याखाली कातळाचा टप्पा आला. बारा-पंधरा खोबण्या, डावीकडे मोकळं. साहेबांनी दोर बांधला. हिनं काठ्या खाली टाकल्या, पदर खोचला, आणि एकेका खोबणीत आधी बरा गुडघा, मग दुखरा, असं करत वर गेली. मी खालून बघत होतो. मला वाटलं होतं, ती अडकेल आणि आपण सगळे परतू. खरं सांगतो, असं वाटलं होतं.

ती नाही अडकली. चौथ्या खोबणीवर मी अडकलो.

हात सुटेना, पाय उचलेना. खाली बघवेना, वर बघवेना. साहेब खालून म्हणाले, "चालेल, चालेल." मी म्हणालो, "नाही चालणार." आणि मग अडतीस वर्षं जे बोललो नव्हतो ते कातळाकडे तोंड करून ओरडलो. "अगं, मला भीती वाटते! पहिल्यापासून वाटते. मी गच्चीच्या कठड्याशीसुद्धा उभा राहत नाही. म्हणून नव्हतो आणत तुला!"

"एवढंच?" वरून हिचा आवाज आला. "अहो, एवढंच होतं? मला वाटत होतं, तुम्हाला माझ्याबरोबर कुठं जायचंच नाही!"

भूमापन खात्यातल्या माणसाला उंचीची भीती वाटते, हे कुणाला कळू नये म्हणून मी बायकोला काय समजू दिलं होतं, ते मला त्या खोबणीत लटकताना कळलं. मला रडू आलं. दोन्ही हात कातळात असल्यामुळे डोळेही पुसता येईनात.

मग ही वरून पालथी पडून खाली वाकली. तिचा चेहरा दिसला. "डावा पाय उचला. माझ्याकडे बघा. खाली काही नाहीये, सगळं वर आहे. आता उजवा. अहो, या. या एकदाचे!"

मी गेलो. कसा गेलो ते विचारू नका. माथ्यावर पोचून गवतावर बसलो तर बाई वही काढून तयार. वाटलं, सही हवी असेल. पण त्यांना शब्द हवा होता.

"काकू, 'एकदाचे' म्हणजे काय? हा शब्द मला शिकवला नाही."

ही धापा टाकत होती, हसत होती. म्हणाली, "अगं, ते 'एकदा' असतं ना, ते खरंच घडलं की त्याला 'एकदाचं' म्हणतात."

बाईंनी ते लिहून घेतलं. दोनदा अधोरेखित केलं.

ही टाक्याशी गेली. काठावर बसली, ओंजळ बुडवली आणि प्यायली. लहानपणापासून बाटलीतूनच प्यायलेलं पाणी. "गार आहे," म्हणाली. "बाटलीत कधी एवढं गार लागलं नाही." मग देवीपुढचं कुंकू बोटाला लावून तिनं वहीच्या पानावर उमटवलं. एक तिचं बोट आणि शेजारी जबरदस्तीनं माझं. साहेबांनी त्यांच्या देशातला रिवाज सांगितला, म्हणजे बाईंनी सांगितला आणि साहेबांनी पार पाडला. पहिल्यांदा माथा गाठणाऱ्याला दोराचा एक फटका. हिला हळूच, मला सणसणीत. भाडेकरूनं घरमालकाला दोरानं मारल्याचं नाशिकमधलं हे पहिलंच उदाहरण असावं. मी तक्रार केली नाही.

खाली पडवीत म्हातारा वाट बघत बसला होता. हिनं त्याच्या हातात भरलेली बाटली दिली. "इतकी वर्षं तू आणलंस. आज मी आणलंय. पी."

त्यानं बाटली दोन्ही हातांनी धरली, घोट घेतला, आणि सुनेला हाक मारून म्हणाला, "आगं, ये बाहेर. आक्का वर जाऊन आली!" मग वस्तीवरच्या सगळ्या बायका ते पाणी प्यायला आल्या. त्यातल्या चौघी पुढच्याच रविवारी वर गेल्या, असं नंतर कळलं.

साहेबांची तीन वर्षं संपली. निघताना बाईंनी निळी वही बायकोच्या हातात ठेवली. "पाच पानांवर 'या' आहे, खूण नाही. आम्हाला वेळ नाही पुरला. काकू, तुम्ही जा." साहेब माझा हात हातात घेऊन बराच वेळ उभे होते. त्यांचा तो एकच शब्द तिथे बसण्यासारखा नव्हता. मी जुन्या सवयीनं म्हणालो, "या पुन्हा एकदा." आणि जीभ चावली, कारण बाईंनी लगेच महिना विचारला.

हिचे गुडघे दिवाळीत बदलले. माघापासून शनिवारी पहाटे आमच्या जिन्याखाली बुटांचा आवाज होतो. पेठकडचा पोस्टमन, सटाण्याची डाळिंबवाली, ओझरचा एक बँडवाला. लोक आधी चकित होतात, मग चहा टाकतात. कट्ट्यावर आता माझी नक्कल होते असं ऐकतो. करोत बापडे.

गेल्या शनिवारी चौथं पान झालं. रविवारी दुपारी हिनं पाचवं उघडलं, आणि चष्मा लावून बघत राहिली. त्यावर गावाचं नाव नव्हतं. बाईंच्या त्या बाळबोध अक्षरात लिहिलं होतं: "विद्वा. आमच्याकडे. मोठा डोंगर. एकदा." खाली शिक्क्यासाठी कोरी जागा.

ही खूप हसली. मग वही माझ्यापुढे सरकवली. "काय हो, एकदा म्हणजे कधी?"

"जुलैत," मी म्हणालो. "तेव्हा माथ्यावरचा बर्फ वितळलेला असतो. बाईंना विचारून ठेवलंय."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "कधी विचारलंत?"

"तुझ्या गुडघ्यांचे टाके काढले ना, त्याच दिवशी."